बी.ए. मराठीवाल्याने मेडिकल लायब्ररीत तग कसा धरायचा

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत लागलो तेव्हा माझी शिदोरी म्हणजे बी.ए. मराठी, एम.लिब., आणि घरात आईला शुगर अन् वडिलांना बीपी असल्यामुळे जे काय कानावर पडतं तेवढं. पहिल्याच आठवड्यात एक फर्स्ट इयरची रेसिडेंट आली, नाइट ड्युटीवरून थेट, डोळे लाल, म्हणाली सर, पीपीएचवरचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढून द्या ना, थीसिसचा सिनॉप्सिस द्यायचाय. मी म्हटलं बसा की, देतो. ती म्हणाली बसले तर झोपेन, संध्याकाळी येते. आता पीपीएचचा फुल फॉर्म मी कुठेतरी प्रायमरी पल्मनरी हायपरटेन्शन असा वाचलेला, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला वाढलेला दाब. दोन तास पबमेडमध्ये, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या साइटवर, डोकं घातलं, चाळीसेक ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरांचे सारांश, प्रिंट काढले, पंच मारून फाइल केली, वर लेबल पण लावलं. संध्याकाळी बाईंनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, आणि हसू दाबत म्हणाल्या, "सर, मी गायनॅकची आहे."

गायनॅकमध्ये पीपीएच म्हणजे पोस्टपार्टम हॅमरेज. बाळंतपणानंतर होणारा जास्तीचा रक्तस्राव.

ती फाइल मी अजून जपून ठेवलीये. त्यात गंमत अशी की माझा अर्थ नुसता चुकीच्या डिपार्टमेंटचा नव्हता तर शिळा पण होता, कारण प्रायमरी पल्मनरी हायपरटेन्शन हा शब्द मधल्या काळात मागे पडला आणि आता लोक इडिओपॅथिक पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणतात. पण खरी चूक वेगळीच. मला मेडिसिन येत नव्हतं ही चूक नाही, ते कुणी माझ्याकडून अपेक्षित पण धरलं नव्हतं. मी "कुठल्या डिपार्टमेंटच्या?" एवढं विचारलं नाही ही चूक. तर नवीन लागलेल्या मंडळींना मी जे सांगणारे ते सगळं याच्याच भोवती आहे, आपल्याला उत्तर यायला नको, समोरचा नेमका काय विचारतोय ते कळायला पायजे, आणि तेवढं कळायला जेवढं क्लिनिकल लागतं तेवढंच शिकायचं. एमबीबीएस करायला निघू नका, मी निघालो होतो, अठरा पानांवर थांबलो.

आधी रॅकमधून फिरा

पहिले पंधरा दिवस काहीही वाचू नका, फक्त स्वतःच्या लायब्ररीत फिरा. तुमच्याकडे ड्युई, म्हणजे आकड्यांचं वर्गीकरण, लावलेलं असेल तर 611 ला ॲनाटॉमी, 612 फिजिऑलॉजी, 615 फार्माकॉलॉजी, 616 रोग, 617 सर्जरी, 618 ला गायनॅक. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं वर्गीकरण असेल तर मग मजाच आहे, कारण त्यात अख्खं शरीर रॅकवर झोपवलेलं असतं. डब्ल्यूएफ श्वसन, डब्ल्यूजी हृदय, डब्ल्यूएच रक्त, डब्ल्यूआय पचन, डब्ल्यूजे मूत्रमार्ग, डब्ल्यूके हार्मोन्सच्या ग्रंथी, डब्ल्यूएल मेंदू आणि नसा. पुस्तकं जागेवर लावता लावता मला सिस्टिम्स पाठ झाल्या, वेगळं बसून केलं असतं तर झालं नसतं.

सोबत सिलॅबसचा क्रम समजून घ्या. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली, 1998 पासून. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, म्हणजे निरोगी शरीर कसंय आणि कसं चालतं. दुसऱ्याला पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मॅक, म्हणजे ते बिघडतं कसं, कुणामुळे आणि त्यावर औषध काय. मग पीएसएम (समाजाचं आरोग्य आणि रोगप्रतिबंध), फॉरेन्सिक, कान-नाक-घसा, डोळे, आणि शेवटी मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडिॲट्रिक्स. हाच क्रम तुम्ही पण धरा. कुठलाही आजार समोर आला की तीन प्रश्न, नॉर्मल काय असतं, बिघडलं काय, आणि करतात काय. एवढ्या तीन खुंट्या ठोकल्या की बाकीचं त्यावर टांगता येतं.

आणि हो, पोरं पुस्तक नावाने मागत नाहीत, लेखकाच्या नावाने मागतात. "सर गायटन आहे का?" म्हणजे फिजिऑलॉजी, "रॉबिन्स" म्हणजे पॅथॉलॉजी, "पार्क" म्हणजे पीएसएम. हे आठवड्याभरात कानाला लागतंच, त्याची काळजी करू नका.

मराठीवाल्यांनो, हा समासविग्रहच आहे

डॉक्टरी शब्दांची मला जाम भीती वाटायची. मग एक दिवस लक्षात आलं की अरे हे तर आपण कॉलेजात तीन वर्षं हेच करत होतो. हेपॅटोस्प्लेनोमेगाली घ्या. हेपॅटो म्हणजे यकृत, स्प्लेनो म्हणजे प्लीहा, मेगाली म्हणजे वाढ. यकृत आणि प्लीहा, हा झाला द्वंद्व, आणि त्यांची वाढ, षष्ठी तत्पुरुष. सुटला शब्द! कोलेसिस्टेक्टमी, कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणं. पित्ताची पिशवी काढली.

शेपट्या आधी पाठ करा. आयटिस म्हणजे दाह, ईमिया म्हणजे रक्तात, युरिया म्हणजे लघवीत, मेगाली म्हणजे आकार वाढलाय. सर्जरीच्या तीन शेपट्यांमध्ये मात्र नवीन माणूस हमखास घसरतो. एक्टमी म्हणजे काढून टाकलं, ओटमी म्हणजे नुसता छेद देऊन उघडलं, आणि ओस्टमी म्हणजे कायमचं किंवा तात्पुरतं तोंड करून ठेवलं. कोलेक्टमीत मोठं आतडं काढतात, कोलोस्टमीत आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावतात. सर्जरीचा पोरगा घाईघाईत एक म्हणतो आणि आपल्याला दुसरं ऐकू येतं, म्हणून अशा वेळी सरळ कागद पुढे करायचा, लिहून द्या म्हणायचं, त्यात कमीपणा काय.

कारण ऐकू येणं हाच मोठा घोळ आहे. हायपर आणि हायपो, एक जास्त एक कमी, फोनवर दोन्ही सारखेच. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात किंवा भाषेत अडचण, अख्खं डिपार्टमेंट बदलतं. आणि इलियमची तर हाइट आहे. एक इलियम लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं इलियम कमरेचं हाड. इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे, आपल्या देवनागरीत तोही नाही! पोटाचा सर्जन मागतोय की ऑर्थोवाला, एवढंच बघायचं.

स्पेलिंगचं पण सांगून ठेवतो. ॲनिमिया, हॅमरेज, पेडिॲट्रिक्स, इडिमा, इसोफेगस, या सगळ्यांची ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगं वेगळी, ब्रिटिशांना जास्तीची अक्षरं घालायची हौस. आपली पोरं ब्रिटिश लिहितात, पबमेडचे विषय-मथळे अमेरिकन. पबमेड बऱ्याचदा सांभाळून घेतं, पण कॉलेजचा कॅटलॉग काही सांभाळून घेत नाही, तिथे दोन्ही टाकून बघावं लागतं.

पॅथॉलॉजीच्या म्युझियममध्ये एक दुपार

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी तुम्हाला सांगतोय. प्रत्येक मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीचं म्युझियम असतं, एचओडींची परवानगी घ्या आणि एक दुपार तिथे काढा. काचेच्या बरण्या, फॉर्मॅलिनचा डोळ्यात जाणारा वास, आणि प्रत्येक बरणीवर नंबर, आणि त्या नंबरची नोंद कॅटलॉगमध्ये, अवयव काय, आजार काय, बघायचं काय. मला तर घरी आल्यासारखं वाटलं, ही पण लायब्ररीच, फक्त पुस्तकांच्या जागी यकृत.

आणि तिथे कळलं की पॅथॉलॉजीवाली माणसं भयंकर खादाड असली पायजेत. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त मागे यकृतात साचतं, ते यकृत कापल्यावर लाल-पिवळी नक्षी दिसते, त्याला नटमेग लिव्हर म्हणतात, म्हणजे जायफळ. श्रीखंडात घालायला जायफळ किसताना मधे जी नक्षी दिसते ना, डिट्टो ती. अमायलॉइड नावाचं प्रोटीन प्लीहेत साठलं की सॅगो स्प्लीन, चक्क साबुदाणा, बरणीत बघितलं तर खरोखरच भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे. मिलियरी टीबीतला मिलियरी म्हणजे मिलेट, बाजरीएवढे ठिपके फुप्फुसभर. त्या दिवशीपासून चतुर्थीला खिचडी खाताना थोडं जड जातं, पण हे तीन आजार मी जन्मात विसरणार नाही.

केसपेपरची भाषा

आता खरं क्लिनिकल. डॉक्टर पेशंटबद्दल ज्या क्रमाने विचार करतो तो क्रम केसपेपरवर असतो, तक्रारी काय, कधीपासून, आधी काय झालेलं, घरात कुणाला काय, व्यसन-झोप-भूक, मग तपासणी, मग टेस्ट, मग निदान, मग उपचार. खऱ्या पेशंटचे कागद आपण बघायचे नाहीत, तो आपला विषय नाही, पण केस रिपोर्ट नावाचे छोटे पेपर जर्नलमध्ये छापून येतात त्यांची मांडणी साधारण अशीच असते. आठवड्याला एक केस रिपोर्ट वाचा, गोष्टीसारखा. एक माणूस आला, त्याला असं होत होतं, सगळ्यांना वाटलं हे आहे, निघालं भलतंच. न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारा, पण दर शब्दाला थांबू नका, गोष्ट आधी संपवा.

शॉर्ट फॉर्म तुम्हाला रेसिडेंटच्या बोलण्यातून मिळतील. सीओ म्हणजे तक्रार, केसीओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. पीए सॉफ्ट म्हणजे पोट हाताला मऊ लागतंय. एईबीई म्हणजे दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जातेय. एनएडी म्हणजे वावगं काही सापडलं नाही. पिकल-पिकल करत पोरं घोकत असतात ते लोणचं नाही, फिकटपणा, कावीळ, निळेपणा, नखांचा फुगवटा, गाठी, सूज, ही जनरल तपासणीची यादी लक्षात ठेवायची युक्ती आहे.

औषधाच्या वेळा, ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागलं तर. पण डोळ्याच्या डिपार्टमेंटमध्ये ओडी म्हणजे उजवा डोळा! आणि कॅज्युअल्टीत कुणी ओडी म्हणालं तर ते ओव्हरडोस असू शकतं. एमएस तर विचारूच नका, न्यूरोत मल्टिपल स्क्लेरोसिस, कार्डिओत मायट्रल स्टेनोसिस, आणि कॅन्टीनमध्ये त्याला एमएस लागलं म्हणजे सर्जरीला ॲडमिशन मिळाली. मी यासाठी एक दोनशे पानी वही केलीये, एका पानावर एक शॉर्ट फॉर्म, खाली डिपार्टमेंटप्रमाणे अर्थ. पहिलं पान कशाचं ते ओळखलं असेलच.

आकडे थोडेच, पण पक्के

सगळ्या टेस्टचे नॉर्मल पाठ करायची गरज नाही. मी फक्त रोज लागणारे ठेवलेत. नाडी मिनिटाला 60 ते 100. हिमोग्लोबिन जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या मोजमापाने बाईचं 12 च्या खाली, गरोदर असेल तर 11 च्या खाली (मधल्या तिमाहीत 10.5), पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की ॲनिमिया. उपाशीपोटी साखर 126 (मिलिग्रॅम पर डेसिलिटर) किंवा वर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट, 6.5 टक्के किंवा वर म्हणजे डायबेटिसच्या हद्दीत.

इथे एक गोम आहे. ब्रिटिश जर्नलमध्ये साखर 7 लिहिलेली दिसते आणि आपण दचकतो, की हा माणूस जिवंत कसा. तर ते एकक वेगळं, मिलिमोल पर लिटर. 18 ने गुणा, 126 येतं. एका पोराने दोन देशांचे पेपर एकाच टेबलात भरले होते आणि एकके बदललीच नव्हती, मला टेबलात एकाखाली एक 7.2 आणि 131 दिसलं म्हणून सहज विचारलं. असं सहज विचारता आलं ना, की समजा गाडी रुळावर आली.

औषधांची दोन-दोन नावं

पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनालिन तिकडे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, आपलं लिग्नोकेन तिकडे लिडोकेन. पोरगा आपल्या नावाने शोधतो, अर्धे पेपर निसटतात, आणि येऊन सांगतो सर यावर कामच झालेलं नाही. झालेलं असतं बाबा, दुसऱ्या नावाने झालेलं असतं.

औषधांच्या पण शेपट्या असतात. लॉल म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके मंदावणारी, प्रिल आणि सार्टन बीपीची, प्रझोल ॲसिडिटीची, स्टॅटिन कोलेस्टेरॉलची. पण शेपटीवर आंधळा विश्वास नको, निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध आहे, कोलेस्टेरॉलशी त्याचा काडीचा संबंध नाही.

एक पेपर शेवटपर्यंत उलगडून बघू

आता हे सगळं एकत्र कसं येतं ते एका पेपरवर दाखवतो, आणि मुद्दाम आपल्या मातीतला घेतो. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, 2022 ला पद्मश्री मिळालेले, कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचा एक पेपर बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2011 ला आला. समजा मेडिसिनचा रेसिडेंट आलाय, म्हणतोय विंचवावर काहीतरी द्या.

आधी नॉर्मल काय, बिघडलं काय. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनालिनच्या कुळातल्या रसायनांचा लोंढा सुटतो, त्याला ऑटोनॉमिक स्टॉर्म म्हणतात. घाम, लाळ, हातपाय गार, बीपी वर, मग हृदय दमतं, फुप्फुसात पाणी होतं. करतात काय, तर प्राझोसिन. हे मुळात बीपीचं औषध, अल्फा ब्लॉकर, त्या लोंढ्याला रक्तवाहिन्यांवर आपटू देत नाही. एवढं तुम्हाला कुठल्याही बेसिक पानावर अर्ध्या तासात वाचून होतं, एनसीबीआय या अमेरिकी सरकारी साइटच्या बुकशेल्फवर स्टॅटपर्ल्स फुकट आहे, त्याआधी साध्या भाषेत हवं तर मेडलाइनप्लस.

मग रेसिडेंटला बसवून त्याच्या "काहीतरी"चे चार तुकडे करायचे. पेशंट कोण, काय दिलं, कशाशी तुलना, काय मोजलं. याला पिको म्हणतात, ट्रेनिंगमध्ये याच्यावर स्लाइडच्या स्लाइड असतात, पण काम एवढंच. या पेपरमध्ये पेशंट म्हणजे विंचूदंशाने ऑटोनॉमिक स्टॉर्म सुरू झालेले 70 जण. त्यातल्या 35 जणांना विंचवाच्या विषावरचा उतारा, म्हणजे अँटिव्हेनम, अधिक प्राझोसिन, आणि 35 जणांना नुसतं प्राझोसिन. मोजलं काय, तर 10 तासांनी लक्षणं पूर्ण गेली का. पहिल्या गटात 32 जणांची गेली, दुसऱ्यात 8 जणांची. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं म्हणून रँडमाइज्ड, आणि कुणाला काय दिलंय हे लपवलेलं नव्हतं म्हणून ओपन लेबल. हा शेवटचा शब्द रेसिडेंटच्या नजरेतून सुटतो, आपल्या सुटू द्यायचा नाही, त्याला फक्त दाखवायचं. त्याचा अर्थ काय लावायचा ते त्याचे गाइड बघतील.

आणि आता आपलं खास काम. शोधायचं कसं? मेश मध्ये, म्हणजे पबमेडच्या विषय-मथळ्यांच्या यादीत, विंचूदंशाला स्कॉर्पियन स्टिंग्ज हा स्वतंत्र मथळा आहे. पण विंचवाचं शास्त्रीय नाव मधे मधे बदलत गेलंय. जुन्या पेपरांत ब्यूथस टॅम्युलस, या पेपरात मेसोब्यूथस टॅम्युलस, आणि आता होटेनटोटा टॅम्युलस. विंचू तोच, नांगी तीच. तिन्ही नावं ऑर लावून टाकली नाहीत तर कित्येक वर्षांचं काम हातातून जातं, आणि हे त्या रेसिडेंटला सुचणार नाही, कारण त्याला पेशंट दिसतो, नावांचा इतिहास दिसत नाही. तो आपला प्रांत.

मेशचा अजून एक उपयोग, ती फुकटची शिकवणी आहे. रोज एक शब्द उघडा, खाली दोन-चार ओळींची व्याख्या असते आणि झाडासारखी मांडणी असते, कोण कुणाच्या पोटात येतं. पोस्टपार्टम हॅमरेज उघडलंत तर 500 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव, आणि पहिल्या 24 तासांतला आणि नंतरचा असे दोन भाग, सगळं तिथेच लिहिलेलं आहे. माझी ती चाळीस पानी फाइल तयार व्हायच्या आधी हे दोन मिनिटात वाचता आलं असतं. पबमेडमध्ये ॲडव्हान्स्डवर जाऊन सर्च डिटेल्स उघडून बघायची पण सवय लावा, तुम्ही हार्ट अटॅक टाकलं तर त्याने मायोकार्डियल इन्फार्क्शन कसं घेतलं ते तिथे दिसतं.

जर्नल क्लबला मागच्या रांगेत

आठवड्याला एखाद्या डिपार्टमेंटचा जर्नल क्लब, म्हणजे नवीन पेपरवरची चर्चा, किंवा क्लिनिकल मीटिंग असतेच. एचओडींना विचारा, मागे बसू का. मला पहिल्यांदा विचारायला तीन महिने लागले, आणि मॅडम म्हणाल्या अहो या की, चहा पण असतो. ही कल्पना काही जगावेगळी नाही, अमेरिकेत गर्ट्रूड लॅम्ब नावाच्या बाईंनी 1971 मध्ये कॅन्सस सिटीच्या मेडिकल कॉलेजात लायब्ररीयन लोकांना डॉक्टरांच्या टीमबरोबर राउंडला पाठवायला सुरुवात केली, क्लिनिकल लायब्ररीयन हा प्रकार तिथून आला. आपल्याकडे राउंडला कुणी नेणार नाही आणि खरं सांगायचं तर माझा आग्रह पण नाही, वॉर्डात आधीच बेडपेक्षा माणसं जास्त.

मीटिंगला पहिल्या चार वेळा वीस टक्के कळलं. पण मी कळण्यासाठी जातच नव्हतो, सिनिअर लोक कुठे अडवतात ते टिपायला जात होतो. "कंट्रोल ग्रुप कोण होता?" "फॉलोअप किती?" "आपल्या पेशंटला हे लागू पडतं का, तिकडच्या लोकांचं वजन बघ." हेच प्रश्न दुसऱ्या दिवशी काउंटरवर येतात. कुठल्या युनिटला काय खूळ आहे हेही कळतं, मग नवीन अंक आला की त्यांना आधीच कळवायचं. या एका गोष्टीने माझी जेवढी पत वाढली तेवढी कुठल्या सर्टिफिकेटने वाढली नाही.

वेळ म्हणाल तर रोज अर्धा तास, काउंटर शांत असतो तेव्हा. सहा महिन्यांनी तुम्हाला बरचसं ऐकू यायला लागतं. परीक्षेच्या महिन्यात होत नाही, सोडून द्यायचं.

आणि मग नातेवाईक येतात

हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हे थोडं शिकल्यानंतरच अंगाशी येतं. एकदा दुपारी एक काका आले, धोतर, टोपी, हातात एक्स-रेचा रिपोर्ट. लायब्ररी म्हणजे शिकलेली माणसं असणार या हिशोबाने जिना चढून आलेले. म्हणाले, साहेब, मालकिणीचा फोटो काढलाय, यात काय लिव्हलंय तेवढं सांगा. मी बघितलं, पोर्टेबल एपी व्ह्यू, कार्डिओमेगाली. कार्डिओ, मेगाली. समासविग्रह माझ्या जिभेवर तयार होता, हृदय वाढलंय काका.

नाही बोललो. का नाही बोललो माहीत नाही, बहुतेक ती पीपीएचची फाइल आठवली. संध्याकाळी त्याच गायनॅकच्या मॅडमना, आता त्या थर्ड इयरला होत्या, सहज विचारलं. त्या म्हणाल्या पोर्टेबल मशीनने बेडवर समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये हृदय आहे त्यापेक्षा मोठंच दिसतं, नुसत्या त्या एका ओळीवर कुणी काही ठरवत नाही. म्हणजे शब्द मी बरोबर फोडला असता आणि माणूस मात्र हकनाक घाबरवला असता.

काकांना मी खाली बसवलं, पाणी दिलं. रद्दीतला एक पाठकोरा कागद घेतला आणि म्हटलं, डॉक्टरांना काय काय विचारायचंय ते सांगा, मी लिहून देतो. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या, फोटोत काय निघालं, गोळ्या किती दिवस, घरी कधी सोडणार, आणि पायाची सूज उतरंल का. मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिल्या, वॉर्डच्या सिस्टरना फोन लावून राउंड किती वाजता असतो ते विचारलं, तेही कागदावर वर लिहिलं. काकांनी घडी घालून तो टोपीत ठेवला आणि जिना उतरून गेले.